खांबाखालचा जॅक

त्या उन्हाळ्यात उमरग्यात हसीनाबीच्या घराचं मातीचं माळवद चार दिवस एका जॅकवर उभं होतं. थट्टा नाही, खरंच. मधल्या खांबाचं बूड वाळवीनं आतून खाऊन टाकलं होतं, आणि त्या खांबानं तोललेल्या तुळईलाच सात महिन्यांच्या बिस्मिल्लाची झोळी टांगलेली. एका सोमवारी सकाळी झोका दिला तशी तुळई करकरली आणि वरून चिमूटभर माती पडली, नेमकी पोरीच्या कपाळावर. पोर खुदकन हसली. हसीनाबीनं तिला झोळीतून उचललं आणि परसदारातून तडक शेजारच्या गॅरेजात गेली.

गॅरेज तिच्या चुलत्यांचं, चाँदपाशांचं. सोलापूर-हैदराबाद सडकेला लागून, निजामाच्या अमदानीपासूनचं. हसीनाबी तिथंच वाढली. पान्ह्यांचे नंबर तिला बाराखडीच्या आधी पाठ झाले होते. लग्न होऊनही ती लांब कुठं गेली नव्हती, फक्त भिंतीच्या पलीकडं गेली होती. चाँदपाशा आले, खांबाकडं बघत त्यांनी दाढी कुरवाळली, तुळईला टेकू देऊन सडलेलं बूड हातभर कापून काढलं आणि त्या जागी गाड्या उचलायचा स्क्रू जॅक बसवला. चार पिळे दिले तशी तुळई गुमान वर गेली.

गॅरेजात जॅक दोनच होते. त्यांतला एक असा घरात आला.

"राहू दे इथंच, नवा खांब मिळंपर्यंत," चाँदपाशा म्हणाले. "पोरीवर छप्पर पडण्यापेक्षा माझी गाडी एका पायावर उभी राहिलेली बरी."

नवा खांब आणायचा कुणी? गफारनं, हसीनाबीच्या नवऱ्यानं. पण गफार एरवी ट्रकवर. सोलापूरहून हैदराबाद, तिथून पुढं बेजवाडा, आणि परतीचा माल मिळाला तर परत. चार महिन्यांत तो नऊ दिवस घरी होता. हसीनाबीनं बोटावर मोजले होते. त्याचं सगळ्यात मोठं दुःख कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्याची लेक त्याला बघून रडायची. कुणी परका दाढीवाला झोळीत वाकून बघतोय, एवढंच तिला कळायचं. तो हात मागं घ्यायचा आणि म्हणायचा, "असू दे, असू दे, झोपू दे तिला," जसं काही ती झोपलेलीच होती.

आणि नेमकी त्याच आठवड्यात महांतप्पांची नोकरी चालून आली होती.

महांतप्पा गावातले आडत दुकानदार. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलण्यात निम्मी कानडी, आणि डोकं सदा पुढच्या हंगामात. त्यांनी विहिरी फोडायचा कॉम्प्रेसर घेतला होता. खडकाला भोकं पाडायची, सुरुंग भरायचा, विहीर आणखी दोन परस, म्हणजे दोन पुरुष, खाली न्यायची. लोहाऱ्याकडच्या गावांतून पंचवीस विहिरी सांगूनही ठेवल्या होत्या. कॉम्प्रेसर म्हणजे दोन चाकांवरचं लोखंडी धूड, दोन बैलजोड्यांना हलायचं नाही. ते ओढायला त्यांनी बीदरच्या एका ठेकेदाराकडून दोन जुन्या पिकअप गाड्या एकदम उचलल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या. निळीत मूळचं इंजिन काढून कुणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं, हिरवी मिलिटरीच्या लिलावातली, अजून पेट्रोलवरच. यातली एक ठेवायची, दुसरी मोडीत द्यायची.

"गफार," महांतप्पांनी शब्द दिला होता, "माझा कॉम्प्रेसर गावोगाव नीट पोचवलास तर तू कायमचा माझा. दिवसा रानात, दिवेलागणीला घरी."

दिवेलागणीला घरी! हसीनाबीनं ते शब्द मनात इतक्यांदा घोळवले की त्यांना साखरेसारखी चव आली.

पण बुधवारी गफार घरी आला तो मान खाली घालून. शर्टाला जळक्या वासाचा भपका. हसीनाबीनं तो वास लगेच ओळखला. क्लच जळाल्याचा.

"ओढ्याच्या चढणीवर बसली निळी," तो म्हणाला. "लोहाऱ्याच्या रस्त्याला, गावापासून मैलभरबी गेलो न्हाय. क्लच सोडला की इंजिन गचके खाऊन बंद. क्लच अर्धा धरून ठेवला की धूर. शेवटी चार बैलजोड्या लावून कॉम्प्रेसर मागं आणला. सगळं गाव बघायला जमलं हुतं."

"आन् अप्पा काय म्हणाले?"

"कायबी न्हाय. तेच तर वाईट."

अप्पा बोलले ते गुरुवारी सकाळी. हसीनाबी पडवीत तुरीची भरड काढत होती. जातं भिंतीला लागून, आणि भिंतीपलीकडं गॅरेज, त्यामुळं तिथला शब्द न् शब्द इकडं ऐकू यायचा. सासू जमिलाबी दारात बसून झोळीची दोरी ओढत होती.

"चाँदपाशा, तुमीच या दारावर खडूनं लिहून ठिवलंय," महांतप्पांचा आवाज. "निळी चारला थोडी वर. हिरवी तीनला चिमूटभर कमी. आकडा मोठा ती गाडी ओढायला दांडगी, हेबी तुमीच सांगितलं. वर निळीला डिझेल इंजिन. मग काल धापा टाकून बसली कशी?"

हा आकडा म्हणजे काय, हे हसीनाबीला कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. इंजिनाकडून मागच्या चाकांकडं एक लांब दांडा जातो. दांडा किती वेळा फिरला म्हणजे चाक एकदा फिरतं, तो आकडा. तो मागच्या एक्सलमधल्या दातांच्या चाकांवर ठरतो. आकडा मोठा तर गाडी हळू जाते पण ओझं ओढते. आकडा लहान तर गाडी सडकेवर पळते, पण ओझ्याला कच खाते.

"इंजिनात खोट न्हाय अप्पा," चाँदपाशा म्हणाले. "डिझेल हाय ते. धिम्या चालीला दम धरतं. पेट्रोलच्या इंजिनाला आधी बोंबलायला लावावं लागतं, मग ते कामाला लागतं."

"मग ड्रायव्हरात खोट."

हसीनाबीचा जात्यावरचा हात थांबला.

"अप्पा," गफारचा आवाज आला, "एकडाव हिरवी जोडून बघू. सकाळी एका हँडलला उठती ती. निळीला उठवायला तर ढकलायला माणसं लागत्यात."

"हिरवी? अरे, ती पेट्रोल पिती का आंघोळ करती? विहिरीला पाणी लागायच्या आधी माझं आटंल! आन् तिचा आकडा तर तीनच्याबी खाली. पहिलवान बसला तिथं पोरगं उभं करू व्हय?" महांतप्पा खाकरले. "हे बघ, उद्या दुपारी गुलबर्ग्याचा माणूस हिरवी मोडीत न्यायला येतोय. त्याच्यासंगं एक ड्रायव्हर येतोय, तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला. निळी त्याच्या हाती देऊन बघतो. वाईट वाटून घेऊ नको."

पलीकडं गफारनं पान्हा पेटीत टाकल्याचा आवाज आला.

हसीनाबीनं मूठभर तूर जात्याच्या तोंडात टाकली आणि ओढलं. जातं जड गेलं. खुंटा आतल्या भोकात होता. त्यांच्या जात्याला खुंट्याची दोन भोकं होती, एक काठाशी, एक चार बोटं आत. आतल्या भोकात खुंटा घातला की हात छोटा फिरतो, काम झरझर होतं, पण जड दाण्याला मनगट भरून येतं. काठाच्या भोकात घातला की हात मोठा गोल फिरतो, वेळ लागतो, पण जातं मात्र लोण्यासारखं जातं. तिनं खुंटा उपटून काठाच्या भोकात ठोकला आणि तशीच थांबली.

निळी काल अशीच अडली. आतल्या भोकातल्या खुंट्यासारखी. हात दांडगा, पण खुंटा आत. म्हणजे चार हा आकडा मोठा नव्हताच. मग हिरवीचा तीनच्या खाली कसा? मिलिटरीची गाडी, तोफा ओढायची, चिखलात घालायची. तिचा आकडा निळीपेक्षा लहान?

"काय बघायलीस?" सासूनं विचारलं. "जातं चालवायलीस का मोटार?"

"अम्मा, हिरवी गाडी गॅरेजात कधी आली?"

"मला काय ठावं! थांब. सोमवारी. आपला जॅक बसवला त्याच दिशी. गफार सोलापूरला कॉम्प्रेसर आणायला गेला हुता, आन् त्यो हिरवा डबा दाराला आडवा लागला म्हणून मी भांडले न्हाय का."

हसीनाबीनं झोळीकडं बघितलं. झोळीवरून तुळईकडं, तुळईवरून खांबाकडं, खांबावरून खाली. तिथं जॅक मुकाट उभा होता.

निळी रविवारी आली. तेव्हा गॅरेजात दोन जॅक होते आणि गफारही होता. दोन्ही मागची चाकं उचलली, दोघांनी दोन चाकं बरोबरीनं फिरवली, दांडा मोजला. चार आणि थोडं. सोमवारी हिरवी आली. जॅक एकच उरलेला, चाचा एकटे. त्यांनी एकच चाक उचललं असणार. दुसरं जमिनीवर बसून. आणि एक चाक बसलेलं असलं की उचललेलं चाक दुप्पट पळतं. तेव्हा मोजून आलेला आकडा दुप्पट करायचा असतो. हे तिला कुणी शिकवलं? चाचांनीच. ती सात वर्षांची असताना, परकराचा ओचा खोचून दुसरं चाक फिरवायला बसवून.

तीनला चिमूटभर कमी. दुप्पट. सहाला दोन चिमटी कमी!

चूक कुठून आली तेही तिला दिसलं. तिच्या लेकीवर माती पडू नये म्हणून म्हाताऱ्यानं आपला जॅक काढून दिला, आणि त्यातून हे झालं.

"अम्मा, उखळ द्या तुमचं."

"उखळ? कशाला?"

"खांबाखाली घालायचंय. वर पाटा. जॅक काढायचाय."

जमिलाबीनं आधी सुनेकडं, मग वर छताकडं बघितलं. "आन् डाळ कांडू कशात? तुझ्या नवऱ्याच्या टोपीत?" पण उठली. सुनेचा असा चेहरा झाला की वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तिला दीड वर्षात कळलं होतं. पोरीला झोळीतून खाली घेतलं. दोघींनी मिळून तुळईला टेकू दिला, जॅकचे पिळे सोडून त्या जागी दगडी उखळ उपडं सरकवलं, वर पाटा ठेवला, पाचर ठोकली. टेकू काढला. तुळई केसभर खाली आली आणि थांबली. पोर कडेवर आली.

एका कडेवर बिस्मिल्ला आणि दुसऱ्या हातात जॅक घेऊन हसीनाबी परसदारातून गॅरेजात शिरली, तेव्हा तिन्ही पुरुष तिच्याकडं बघतच राहिले. तिनं पदर सावरला. चाचांना परक्यासमोर खाली बघायला लावायचं नव्हतं, आणि सांगायचं तर होतंच.

"चाचा, जॅक परत आणलाय. सोमवारपासून आमच्याकडंच हुता. तुमची अडचण झाली असंल."

"अडचण कसली बेटी? एका जॅकवर..." चाँदपाशा बोलता बोलता थांबले. त्यांचा हात दाढीत गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी दारावरच्या खडूकडं बघितलं, मग हिरवीकडं, मग जॅककडं.

"लहानपणी दुसरं चाक फिरवायला मला बसवायचात," हसीनाबी हळूच म्हणाली. "आज परत फिरवू का?"

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. त्याला मनात आलं असतं तर खाकरून विषय बदलता आला असता. पण तो महांतप्पांकडं वळला.

"अप्पा, उपरणं सावरून बसा आन् पोर घ्या मांडीवर. आमाला तिघांचे सहा हात लागणार हायत."

"मी? पोर?"

"गफारकडं जाऊन ती रडती. तुमी परके न्हाय."

गफारनं ते ऐकलं आणि जॅक लावायला वाकला. कुणाला तोंड दिसू नये म्हणून जरा जास्तच वाकला.

महांतप्पांच्या मांडीवर बिस्मिल्ला ऐसपैस बसली आणि त्यांच्या उपरण्याचं टोक तोंडात घालून चघळायला लागली. "अय्ययो, तंगी, हे बघ, हे बघ," असं ते हसीनाबीला, कानडीत धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं, दोनदा म्हणाले. मग त्यांनी तो नाद सोडला.

हिरवीची मागची दोन्ही चाकं उचलली. चाँदपाशा चटईवर पाठ टेकून गाडीखाली गेले, दांड्यावर खडूची रेघ ओढली. एका चाकावर गफार, दुसऱ्यावर हसीनाबी. मधे अख्खी गाडी, एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, तरी दोघांचे हात एका लयीत चालले. एका जात्यावर दोघी दळतात तसे.

"हळू," खालून आवाज आला. "एक. दोन. तीन. चार. पाच..." थोडं थांबून, "आन् हा सहावा. पुरा न्हाय. जरा कमी."

चाक एकदा फिरलं होतं.

चाँदपाशा बाहेर आले, उठून बसले, आणि दाराकडं जाऊन त्यांनी तळहातानं जुना आकडा पुसला.

"अप्पा, चूक माझी," ते म्हणाले. "एक चाक भुईवर ठिवून मोजलं आन् दुप्पट करायचं इसरलो. तीनच्या खालचा आकडा बघून मला शंका आलीबी हुती. म्हणलं, मिलिटरीवाल्यांना पळायचं असंल! या पोरीला ही गोष्ट मीच शिकवली. ड्रायव्हरात खोट न्हाय. खोट या दारावर हुती."

गफारनं हात पुसायला चिंधी घेतली आणि बराच वेळ पुसत राहिला.

"म्हंजे हिरवी ठिवायची आन् निळी मोडायची?" महांतप्पा कळवळले. "मग पेट्रोल!"

"न्हाय अप्पा," हसीनाबी म्हणाली. आता तिला थांबायचं कारण नव्हतं. "निळीचं इंजिन चांगलंच हाय. हात दांडगा हाय, पण खुंटा आतल्या भोकात हाय. हिरवीचा खुंटा काठावर हाय, पण हात नाजूक. गाड्या एकाच कंपनीच्या. हिरवीचा मागचा एक्सल अख्खा सोडवायचा आन् निळीला लावायचा. स्प्रिंगच्या पाट्यांची भोकं जुळतील. व्हय ना चाचा?"

चाँदपाशांनी दोन्ही गाड्यांच्या खाली वाकून बघितलं. उगाच. त्यांना उत्तर आधीच माहीत होतं. "जुळतील," ते म्हणाले, आणि हसायला लागले. "जुळतीलच! हिरवीला निळीचा एक्सल जाईल. गुलबर्ग्याच्या माणसाला तसं सांगूनच देऊ, त्याला तर लोखंडच पायजे."

"पळंल किती?" महांतप्पांमधला व्यापारी जागा झाला.

"पळायची न्हाय. सडकेवर पंचवीस-तीस मैलांच्या वर गेली तर इंजिन बोंबलंल."

"मग मी बैलगाडीच घेतली असती की!"

"अप्पा, कॉम्प्रेसरला पळून जायचंय कुठं?" हसीनाबी म्हणाली. "विहिरी जागच्या जागीच हायत."

महांतप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग उपरण्याकडं. उपरणं हातभर ओलं झालं होतं. "गफार," ते म्हणाले, "तुझ्या बायकोला दुकानावर बसवू नको कधी. माझं गिऱ्हाईक जाईल सगळं."

शुक्रवारी नमाजाची वेळ सोडली तर दिवसभर गॅरेजात घणाचा आवाज चालला. गंजलेले बोल्ट रॉकेल पाजून पाजून सोडवले. हिरवीच्या खालचा एक्सल निळीखाली गेला, निळीचा हिरवीखाली. गुलबर्ग्याचा माणूस आला, त्याला सगळं सांगितलं, तो खांदे उडवून हिरवी ओढत घेऊन गेला. ड्रायव्हर मात्र राहिला. तीस वर्षांचा अनुभव, पिकलेल्या मिशा. "बघू तरी," म्हणाला.

शनिवारी सकाळी सगळे ओढ्यावर गेले. महांतप्पांचाच निरोप आला होता, "तंगीनं मोजलंय, तंगीनं बघायला यावं." जमिलाबी तर बोलावल्याशिवायच आली. बुधवारी जमलेलं गाव शनिवारी दुप्पट जमलं होतं, कारण गाडी अडलेली बघण्यात जी मजा, ती चाललेली बघण्यात नाही, आणि पुन्हा अडेल अशी पुष्कळांना आशा होती.

निळी उतारावरून ओढ्यात उतरली. मागं कॉम्प्रेसर खडखडत आला. पाणी नव्हतंच, नुसती वाळू आणि गोटे. समोर चढण, गाड्यांच्या चाकोऱ्यांनी चिरलेली. गफारनं पहिला गिअर टाकला. क्लच सोडला. पूर्ण सोडला, पाय उचलून फळीवर ठेवलेला हसीनाबीला उघड्या दारातून दिसला.

इंजिनानं एक जड हुंकार दिला आणि गाडी निघाली. गचका नाही, धूर नाही. इतकी सावकाश की हसीनाबीला वाटलं, उभीच आहे. मग तिला कळलं की आपण चालायला लागलोय. बिस्मिल्लाला कडेवर घेऊन ती गाडीच्या बरोबरीनं चढण चढत होती. ना तिला पावलं भरभर टाकावी लागत होती, ना गाडीला थांबावं लागत होतं. खिडकीत गफारचा चेहरा, घामानं चमकणारा, नजर रस्त्यावर रोवलेली.

"बघा, बघा!" कुणीतरी ओरडलं. "लेकुरवाळी बाई बरोबरीनं चाललीय गाडीच्या!"

"चालू द्या," मागून चाँदपाशा गरजले. "बाई थांबंल, गाडी न्हाय थांबायची!"

आणि बिस्मिल्ला बघत होती. इतका वेळ, इतक्या जवळून, न वाकता, न हात पुढं करता तो दाढीवाला तिच्यासमोर कधी राहिलाच नव्हता. आजपर्यंत तो एकदम यायचा आणि एकदम जायचा. आज तो तिच्या चालीनं चालला होता. चढण सरेपर्यंत ती डोळे न मिटता बघत राहिली.

वरती सपाटीला गाडी थांबली. गुलबर्ग्याचा ड्रायव्हर मिशांवरून हात फिरवत महांतप्पांना म्हणाला, "सावकार, मला उगाच बोलावलं." महांतप्पांनी त्याला एसटीच्या तिकिटाला आणि चहाला पैसे दिले, आणि गफारच्या दाराशी येऊन एवढंच म्हणाले, "सोमवारी लोहारा. सूर्य वर यायच्या आत निघ. म्हंजे दिवेलागणीला माघारी येशील."

गफारनं मान हलवली. मग दाराशी हसीनाबी उभी होती, आणि तिच्या कडेवरून बिस्मिल्लानं दोन्ही हात पुढं केले. बापाकडं नाही. दाराच्या कडेला लावलेल्या रबरी भोंग्याकडं. पण भोंगा बापाच्या हाताशी होता, आणि तिथं जायचं तर बापाच्या मांडीवर बसूनच जावं लागणार होतं. गफारनं श्वास धरून तिला घेतलं. तिनं भोंगा दोन्ही हातांनी दाबला. त्यातून म्हशीसारखा आवाज निघाला. ती दचकली, आणि दचकून ज्याच्या छातीला बिलगली तो तिचा बाप होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गफारनं बाभळीचा ताठ खांब आणला. दिवेलागणीच्या आधी, चांगल्या उजेडात, चाँदपाशांच्या मदतीनं तो उभा केला. उखळ जागेवर गेलं. जमिलाबीनं ते धुतलं, उन्हात वाळवलं आणि पहिल्यांदा डाळ कांडायला बसली, तेव्हा तिच्या मांडीशी बिस्मिल्ला होती.

"तुझ्या अम्मीला सांग," ती नातीला म्हणाली, सून ऐकेल एवढ्या आवाजात, "पुढल्या डावाला गाडी अडली तर मुसळ मागू नको म्हणावं."